वाऱ्याचा कापूस

४ एप्रिल १९५६, बुधवार. आलापल्ली

कोठी रिकामी झाली. झाडली तर कोपऱ्यातून मूठभर सावर निघाली, तीही धुळीत लोळलेली. फुंकर मारली. धूळ खाली बसली, सावर वर गेली — छतापर्यंत — आणि तिथेच राहिली! चार वर्षं हा कापूस हाताळते आहे. अजून मान वर करून बघत राहते.

गाद्या भरणारी रंभा दारात उभी होती. "बाई, तेवढ्यात तं उशी बी होत नाई."

खरं आहे. यंदाची बोंडं येईपर्यंत एकही गादी होणार नाही. चार बायका घरी बसतील. पण रंभाचं दुखणं वेगळं. तिला गादी नवऱ्याच्या पाठीखाली हवी आहे.

लटारू ठेकेदाराच्या अड्ड्यावर सागाचे ओंडके चढवायचा. फेब्रुवारीत थप्पी कोसळली. कंबर मोडली, पाय गेले. आणखी एक जण तिच्याखाली सापडला होता, आतल्या जंगलातला कोणी माडिया. त्याचे लोक त्याच दिवशी त्याला बाजेवर घालून घेऊन गेले म्हणे. लटारू इथेच पडून आहे. पाठीला जखमा. मार्चमध्ये शेवटची सावरीची गादी त्याला दिली, तिच्यावर जखमा भरत आल्या होत्या. सावर दबत नाही, ओल धरत नाही. पण माणूस अंथरुणातच सगळं करतो. शेवटी तीही कुजली. आता खाली तणस आहे, भाताचा पेंढा.

६ एप्रिल

भैयाजी आले. माझ्या गाद्या तेच लॉरीनं चांद्याला नेऊन विकतात. माल नाही म्हटल्यावर कपाळाला हात.

"आत गिरणीचा कचरा भरा, वरून चार बोटं सावर. हात फिरवणाऱ्याले काय समजते? चांद्यात सारेच करून राह्यले."

"सावर संपली, भैयाजी. चार बोटंही नाही."

"मंग वरून बी कचराच!" — आणि स्वतःच हसले.

माणूस वाईट नाही. माझा नियम त्यांना ठाऊक आहे: खोळीत असेल तेच सांगायचं, सांगितलं तेच भरायचं. लॉरीत चढताना म्हणाले, "तुमच्या गादीवर गिऱ्हाईक बी झोपते अन् धंदा बी झोपते, बाई."

९ एप्रिल

लटारूकडे गेले. मागच्या आठवड्यात साध्या कापसाची गादी दिली होती. गोळे झालेत. ओली, जड. रंभानं ती काढून पुन्हा तणस घातलं. त्याला कुशीवर वळवताना मी धरलं. एक जखम माझ्या तळव्याएवढी आहे. आतलं पांढरं दिसतं. मी खिडकीकडे पाहिलं.

तो मात्र मजेत बोलतो. "बाई, साहेबलोकाच्या गादीवर पंधरा दिवस झोपलो. आता तणसावर झोप येत नाई. आदत बिघडवली तुमी!"

बाहेर आल्यावर दवाखान्याचा कंपौंडर म्हणाला, कोरडं आणि मऊ ठेवा. विष अंगात चढलं तर मग उपाय नाही. किती दिवस? — महिना. कदाचित.

११ एप्रिल

आलापल्लीभोवतीच्या सावरी काड्यापेटीवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी तोडून नेल्या. उरल्या त्या सुकलूच्या टोल्यावरच्या, आत जंगलातल्या त्या लहान वस्तीतल्या. एकवीस.

१२ एप्रिल

रेंजरसाहेबांनी परवाना लिहून दिला. मागितला नव्हता, फक्त अडचण सांगितली होती. "जंगल खात्याचं, झाड खात्याचं. मजूर घेऊन जा, वहिनी, बोंडं उतरवून आणा." यांच्या हाताखाली होते ते, म्हणून. यांच्या बदलीमुळे मी इथे आले. हे गेल्यावर राहिले ती सावरीमुळे.

कागद पिशवीत ठेवला. मजूर घेतले नाहीत. सुकलू मला बोंडं देणार नाही असं होणारच नाही. चार वर्षं देतो आहे. पहिल्या वर्षी मी भरलेली गादी टोल्यावर घेऊन गेले होते, तुमच्या कापसाचं काय होतं ते बघा म्हणून. त्याची बायको बुधरी तिच्यावर बसली आणि ताडकन उठली. "भुई कुठी गेली?" सगळा टोला हसला होता.

१५ एप्रिल, रविवार. सुकलूचा टोला

काल दिवसभर बैलगाडी. एटापल्लीची वाट सोडल्यावर नुसते दगड.

एका सावरीच्या बुंध्याशी बसून लिहिते आहे. मुळं जमिनीवर माझ्या खांद्याइतकी उंच. दोन मुळांच्या मधे मी मावले. खोडावर काटे. वर पानं नाहीत — फक्त बोंडं. तपकिरी, मिटलेली, एखादंच उकललेलं. मोजायला लागले. एका फांदीवरच थांबले. इतकं कुणासाठी?

काल पोचले तेव्हा कुणी हाक मारली नाही. बुधरी बाहेर आली नाही. सुकलू ओट्यावर बसला होता.

"चैतू गेला," म्हणाला. "सात दिस झाले."

चैतू, त्याचा मोठा मुलगा. दर वर्षी कमरेला दोर बांधून हीच झाडं चढायचा. काटे चुकवत. मी खालून डोळे मिटून घ्यायची आणि तो वरून हसायचा.

"काय झालं होतं?"

"लाकूड पडलं ना अंगावर. तुह्या गावात. दोन महिने बाजेवर होता."

आणखी एक जण, आतल्या जंगलातला कोणी माडिया — मी असंच लिहिलं आहे, अकरा दिवसांपूर्वी, याच वहीत. नाव विचारलं नाही. दोन महिने.

तरी बोंडं मागितली. लाज वाटत होती, तरी.

सुकलू सगळ्यांना तूच म्हणतो. शांतपणे सांगत गेला. बोंड पिकलं आहे, पण पंडुम झालं नाही. नवं फळ आधी देवाला, मगच झाडाला हात. आंबा, मोह, वाल, तसंच या टोल्यात सावर. पंडुम करणारा गायता सुकलूच. आणि त्याच्याच घरात मरण. चैतूच्या नावाचा दगड उभा होईपर्यंत त्याला देवाचं काही करता येत नाही.

"दगड कधी?"

"सोयरे येतील तवा. पावसाच्या आधी."

"तोवर बोंडं फुटतील, सुकलू."

"फुटतील."

"सगळं उडून जाईल."

"जाईल."

"एकाच झाडाची दे. एका माणसापुरती."

"कोणासाठी?"

सांगितलं. लटारू, रंभाचा नवरा. ज्या थप्पीखाली चैतू सापडला तिच्याचखालचा. पाठ सडते आहे, महिनाभरच उरला आहे, तेही सांगितलं. सुकलू जमिनीकडे बघत राहिला.  आतला कांडण्याचा आवाजही थांबला होता. बुधरी ऐकत होती.

मग म्हणाला, "देवाले नाई देल्ला, तं तुले कसा देऊ?"

राग नव्हता. मलाच समजावत होता.

परवाना पिशवीत होता. माझा हात पिशवीत गेला. कागदाला लागला. बाहेर आला तो रिकामा — पण गेला होता, हे लिहून ठेवते.

१७ एप्रिल

परतले. गाडीत काहीच नाही हे रंभानं लांबूनच पाहिलं. तरी मी सगळं सांगितलं. परवान्याचंही. ते सांगायला नको होतं का? पण विचारल्यावर खोटं कसं बोलू!

"कागद होता? तुमच्यापाशी कागद होता, अन् तुमी वापस आल्या?"

"त्यांच्या घरात मरण आहे, रंभा."

"माह्या घरात बी हाये. फक्त अजून झालं नाई." मग दारातून वळून — "तुमचं खरेपण माह्या नवऱ्याच्या पाठीवर उभं हाये, बाई. एकदा त्याच्या जागी झोपून पाहा."

परवाना पिशवीतून काढून पेटीत ठेवला. 

१८ एप्रिल

रंभा कामाला आली नाही. काम तरी कुठे आहे.

२१ एप्रिल

परवाना काढून वाचला. दोन ओळी आणि शिक्का. घडी करून ठेवला. पुन्हा काढला. लटारूला काल ताप होता.

शेवटी फाडला. फाडल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२६ एप्रिल

दुपारी वारा सुटला, पूर्वेकडून. अंगणात भांडी घासत होते. हातावर काहीतरी पडलं. पडलं असं कळलंही नाही, दिसलं फक्त. सावरीचा एक पुंजका, मधे काळं बी.

वर पाहिलं. आकाशात सगळीकडे! वावभर अंतरावर एक, मग आणखी एक, उंच, फार उंच. एक दिवसाच्या वाटेवरून! गावातली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली.  एक गाय मान वर करून उभी होती. पुंजके घाईत नव्हते. वारा जोरात होता, ते नव्हते.

माझा वर्षाचा माल डोक्यावरून चालला होता. लटारूची गादी चालली होती. आणि मी — हे कसं लिहू? — मी आनंदानं बघत होते. संपूर्ण अर्धा तास मला दुसरं काही आठवलं नाही.

मग रंभा दिसली. ती वर बघत नव्हती. पदर पसरून रस्त्यावरचे पुंजके वेचत होती. मी गेले, तिच्याबरोबर वेचू लागले. तिनं नको म्हटलं नाही. अंधार पडेपर्यंत दोघींची मिळून एक ओंजळ झाली.

२७ एप्रिल

गेलं यंदाचं.

१ मे

लटारू आता फारसा बोलत नाही. तणस दिवसातून दोनदा बदलतो आम्ही. रंभा आणि मी. कामापुरतं बोलतो.

३ मे, गुरुवार

रात्र फार झाली. तरी लिहिते.

सकाळी शेजारची आशाबाई ओरडत आली, "बाई, जंगलातून बारात येऊन राह्यली तुमच्याकडं!"

रस्त्यावर रांग. पुढे सुकलू. मागे बुधरी आणि टोल्यावरच्या बायका. पुरुषही. प्रत्येकाच्या डोक्यावर बांबूची टोपली, ही एवढी, आणि वरून पळसाची पानं बांधलेली. एवढ्या टोपल्या घेऊन माणसं वाकतात. ही ताठ चालत होती. डोक्यावर काही नसल्यागत. काल पहाटे निघाले, वाटेत मुक्काम केला.

पानं सोडली. सावर!

उतरवलेली नव्हे. ते बघताक्षणी कळलं. बोंडं नव्हती, पुंजके होते. सुटे, एकेक. कुणात गवताची काडी, कुणात काटा, मुंगी, मातीचा कण.

"झाडाले हात नाई लावला," सुकलू म्हणाला. ते आधी सांगणं त्याला गरजेचं वाटलं. "खाली पडला तो. काट्यात अडकला तो. वाऱ्यानं देल्ला, तो वाऱ्याचा. त्याले पंडुम लागत नाई."

"किती दिवस वेचत होता?"

त्यानं बुधरीकडे पाहिलं. बुधरीनं हातांची बोटं दाखवली. सहा.

सहा दिवस. सगळा टोला. बोरीच्या झुडपांतून, वारुळांवरून, नाल्यातल्या दगडांवरून. त्या दिवशी आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत एक ओंजळ केली होती. इथे अकरा टोपल्या. मी प्रत्येकीत कोपरापर्यंत हात घातला. तळ लागला नाही. हाताला स्पर्शही जाणवत नव्हता, नुसती ऊब. हे वेचायला किती वेळा वाकावं लागलं असेल याचा विचार करत तशीच उभी राहिले.

बुधरीच्या हातांवर ओरखडे होते, मनगटापासून कोपरापर्यंत. मी बघते आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिनं हात पदराखाली घेतले.

रंभा टोपल्यांपाशी खाली बसली. रडली नाही. एक पुंजका उचलून त्यातला काटा काढू लागली. मग दुसरा.

४ मे

दारं-खिडक्या बंद करून कापूस झोडला. तोंडाला पदर. काठी पडते तसं बी खाली जातं, सावर वर येते. आत कुणाला कुणी दिसत नाही. आम्ही सहा बायका खोकत होतो आणि हसतही होतो. बुधरी माझ्या शेजारी काठी चालवत होती. पहिल्यांदाच. तिची काठी सर्वांत हलकी पडत होती.

खोळ कोष्ट्याकडच्या घट्ट विणीची, घरात होती ती. रंभानं भरली, दाभणानं टाके घातले. एक गादी आणि एक उशी. शिवाय चार टोपल्या शिल्लक — पुढच्या गादीला.

बुधरीनं भरलेल्या गादीवर तळवा ठेवून दाबला. उचलला. गादी वर आली. पुन्हा दाबला.

"तो पाठीवर झोपते का कुशीवर?" तिनं विचारलं.

रंभानं सांगितलं. बुधरीनं मान हलवली आणि एका ठिकाणी, जिथे कंबर येईल तिथे, दोन टाके उसवायला लावून आणखी दोन मुठी घातल्या. आपल्या हातानं.

दुपारी निघाले. मोबदला म्हणून मीठ आणि लुगडी दिली, दर वर्षी देते त्याच हिशेबानं. जास्त घेतलं नाही. जाताना सुकलू रंभाच्या कुंपणापाशी थांबला. आत गेला नाही. लटारूला झोप लागली होती. सुकलू कुडाकडे बघत उभा राहिला, मग टोपली काखेत घेऊन चालू लागला.

६ मे, रविवार

लटारू दोन दिवस झोपला. नुसता झोपला! ताप उतरला. जखम कोरडी दिसते. कंपौंडर म्हणाला, आता धरेल.

आज मला बोलावलं. रंभाला पाणी आणायला पाठवलं.

"बाई, रंभी म्हणते हा कापूस चैतूच्या मायनं वेचला. चैतूच्या? सुकलूच्या चैतूच्या?"

"हो."

 तो सांगू लागला, कुडाकडे तोंड करून. थप्पीची पाचर काढायची तर आधी हाक द्यायची. तीनदा. खालच्यानं उलटी हाक दिली की मगच काढायची. अड्ड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी लॉरी उभी होती, मुकादम बोंबलत होता. चैतू खाली साखळी लावायला वाकला होता. लटारूला वाटलं, निघाला असेल.

"हाक नाई देल्ली, बाई. पाचर म्या काढली. मले वाटलं, चैतू बाहेर हाये. थप्पी तिरपी आली, मी बी गेलो तिच्यात. लोकाईनं म्हटलं पाचर आपोआप निसटली. मी हो म्हटलं."

मग — "मले उतरवा याच्यावरून. तणसावर टाका."

मी उतरवलं नाही. एकटीला जमलंही नसतं.

७ मे

रंभाला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यापासून.

"सांगू नका, बाई. तुमच्या पाया पडतो. आता त्याची पाठ भरून राह्यली. सांगून चैतू वापस येते का? अन् मंग ते लोक तुमाले पुन्हा कधी एक बोंड देतीन का? चार घरच्या बायका खातेत याच्यावर. तुमी बी."

सगळं खरं. एकवीस सावरी टोल्याच्या. टोल्यानं नाही म्हटलं तर माझी कोठी कायमची रिकामी.

पण आत काय आहे ते सांगायचं, हाच तर नियम. खोळ माझी, टाके माझ्या घरचे. आणि त्या बाईला ठाऊक नाही, तिनं कुणाच्या कमरेखाली दोन मुठी जास्त घातल्या ते.

८ मे

लटारूला विचारलं, मी सांगू का? म्हणाला, "मले चालता आलं असतं तं म्याच गेलो असतो."

रंभा बाहेर ऐकत होती. आत आली नाही.

९ मे

गाडी सांगितली. रंभानं न बोलता शिदोरी बांधून दिली. सोबत शिल्लक चार टोपल्या सावर घेते आहे. त्यांना परत हवी असेल तर त्यांची आहे.

११ मे. सुकलूचा टोला

सांगितलं. सुकलू दोर वळत होता. हात थांबले नाहीत.

"मालूम हाये, बाई. चैतूनं पयल्याच दिशी सांगतलं. बाजेवर असताना."

मग कापूस कसा वेचलात? कशासाठी, मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हे विचारण्यासारखं काय आहे ते त्याला कळेना.

"तू मागाले आल्ती ना."